फोनला हात लावू नका, पेटी बदला

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले: आमच्या घरात सात जुने डायलचे फोन आहेत आणि सातही एकमेकांशी बोलतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलं. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच की मी ३२ वर्षं टेलिफोन एक्स्चेंजच्या स्विचरूममध्ये काढली, त्यातली सुरुवातीची बरीचशी स्ट्रोजर स्विचच्या, म्हणजे डायलच्या इशाऱ्यावर हलणाऱ्या यांत्रिक स्विचच्या, खडखडाटात. घरातलं माझं 'एक्स्चेंज' म्हणजे जिन्याखालच्या फडताळात टांगलेली, बुटाच्या खोक्याएवढी ईपीएबीएक्सची पेटी, कचेरीतले फोन आपसांत जोडणारं छोटं एक्स्चेंज. एका कचेरीनं नवी यंत्रणा बसवली तेव्हा ती भंगारात निघाली होती. आता एकेक पत्र आणि त्याखाली माझं उत्तर.

आजोबांचे दोन काळे, जड फोन आमच्याकडे आहेत. दोन्ही डायलचे. एक खाली आणि एक वरच्या मजल्यावर ठेवून एकमेकांना फोन लावता यावा, एवढीच इच्छा आहे. बाहेरची लाइन नको. यासाठी नेमकं काय घ्यायचं? दुकानदार म्हणतो, फोनच्या आत नवं सर्किट बसवा.

दुकानदाराला नम्रपणे नमस्कार करा आणि फोन घरी घेऊन या.

नुसतं बोलायचं असेल तर पेटीसुद्धा लागत नाही. दोन्ही फोन आणि ९ व्होल्टची एक बॅटरी एकाच माळेत जोडली, दोन्हीकडे रिसीव्हर उचलला, की आवाज येतो. मी लहानपणी माझ्या भावाबरोबर हे केलं होतं. फक्त घंटी वाजत नाही, त्यामुळे आधी जिन्यातून ओरडून 'फोन उचल' असं सांगावं लागतं. मग तो फोन कशासाठी, असं आई विचारायची.

एक्स्चेंज जे करतं ते यापुढचं. रिसीव्हर उचलला की त्याखालचा आकडा (हुक) वर येतो, तारेतून प्रवाह वाहू लागतो, आणि त्यावरून एक्स्चेंजला कळतं की कोणीतरी आलंय. ते डायल टोन देतं. तुम्ही डायल फिरवून सोडली की ती परत येताना प्रवाह तुटतो आणि जुळतो, ५ साठी पाच वेळा, ० साठी दहा वेळा. एक्स्चेंज ते तुटणं, म्हणजेच डायलचे ठोके, मोजतं आणि ज्याचा नंबर लागला त्याच्या तारेवर घंटी वाजवणारी एसी वीज सोडतं. मोठी सार्वजनिक एक्स्चेंजं ठेवलेल्या फोनवर ४८ व्होल्ट डीसी देत आली. घरगुती पेट्या बऱ्याचदा २४ व्होल्टवर भागवतात आणि त्यानं काही बिघडत नाही, कारण घरातली तार जेमतेम काही मीटरची असते. उचलल्यावर २० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह मिळाला, की जुना फोन खूश.

तुमच्या कामाची पेटी म्हणजे ३ बाहेरच्या लाइन आणि ८ एक्स्टेंशन अशा मापाची. कचेऱ्यांतून निघालेल्या पेट्यांत हेच माप सगळ्यात जास्त दिसतं. पॅनासॉनिकच्या केएक्स-टीए३०८ किंवा केएक्स-टीईएस८२४ अशा जातीच्या पेट्या जुन्या फोनवाल्यांच्या आवडत्या आहेत, कारण त्यांना साधा फोन चालतो आणि डायलचे ठोके समजतात. सगळ्याच पेट्या अशा नसतात. काहींचे पोर्ट फक्त त्या कंपनीच्या स्वतःच्या डिजिटल फोनसाठी असतात. तिथे आजोबांचा फोन जोडला तर तो मुकाच राहील.

म्हणून पेटी घ्यायला जाताना एक फोन पिशवीत घालून न्या. जोडा, उचला, डायल टोन ऐका. आता कोणताही एक आकडा फिरवा. टोन थांबला, तर पेटीला ठोके ऐकू आले. टोन तसाच चालू राहिला, तर ती बहिरी आहे, कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. मग दुसऱ्या पोर्टवर दुसरा फोन लावून घंटी वाजवून बघा, आणि ती मनापासून वाजते की कुरकुरते ते कानांनी ठरवा. पेटीबरोबर माहितीपुस्तिका मिळाली तर सोडू नका. सेटिंग बदलायला बहुतेक पेट्यांना त्यांचाच खास फोन लागतो, पण आतल्या आत बोलायला कारखान्यातून आलेली सेटिंग पुरतात.

आणि एक अट माझी. फोन उघडून त्यात नवं काही बसवायचं नाही, जुनी दोरी कापून नवी पिन लावायची नाही. त्या फोनला जे हवंय ते देणारी पेटी शोधायची. या सदरातल्या बाकीच्या उत्तरांतही तुम्हाला हाच हट्ट दिसेल.

पेटी मिळाली, बोलणं उत्तम होतं, पण घंटी वाजायच्या वेळी फोन नुसता गुरगुरतो. एक फोन तर एकदाच 'टुक' करतो आणि गप्प. घंटी बिघडली आहे का?

सगळ्यात जास्त पत्रं याच तक्रारीची. शंभरात नव्वद वेळा घंटी ठणठणीत असते, तिला पुरेसं खायला मिळत नसतं, असं माझं मत आहे.

जुन्या घंटीत लोहचुंबक, दोन वेटोळी आणि दोन वाट्यांच्या मध्ये डुलणारा एक टोला असतो. वीज एका दिशेनं आली की टोला डावीकडे, उलटली की उजवीकडे. म्हणजे या टोल्याला हलायला वेळ मिळाला पाहिजे. ब्रिटिश पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये साधारण ७५ व्होल्ट आणि सेकंदाला २५ आवर्तनं, अमेरिकेत ९० व्होल्ट आणि २० आवर्तनं, असं ते गणित बसवलेलं होतं. काही स्वस्त पेट्या घरातल्या विजेचीच ५० आवर्तनं थेट घंटीला देतात. टोला बिचारा डावीकडे निघतो न निघतो तोच त्याला परत बोलावणं येतं. तो थरथरतो, आणि तुम्हाला गुरगुर ऐकू येते. माझी पहिली पेटी अशीच निघाली. मी चार दिवस घंटीच्या स्प्रिंगांशी झटापट केली आणि मग पेटीचं झाकण उघडल्यावर कळलं की आत घंटीसाठी वेगळं काहीच नाही, ट्रान्सफॉर्मरमधून एक तार सरळ बाहेर आणली आहे. त्या पेटीवर उपाय नाही. दुसरी घ्या.

आवर्तनं बरोबर असूनही विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, कमी पडू शकतो. मल्टिमीटर एसीवर ठेवून घंटी वाजताना तारांवरचा दाब मोजा, एकदा फोन जोडून आणि एकदा काढून. जोडल्यावर आकडा धाडकन खाली आला, तर पेटीत ताकद नाही. ही ताकद आरईएन नावाच्या मापात सांगतात. जुन्या काळची एक घंटी म्हणजे साधारण १ आरईएन. सार्वजनिक लाइन अशा चार-पाच घंट्या एकाच वेळी वाजवायची. छोट्या पेटीचा एक पोर्ट एखाद-दुसरीवरच दमतो. तुम्ही एका पोर्टवर दोन फोन लटकवले असतील तर आधी ते सोडवा.

आता फोनकडे. खालचं आवाजाचं चाक अगदी कमीवर नाही ना, ते बघा. हसू नका, मी स्वतः त्यात अर्धी दुपार घालवली आहे. वाट्यांमध्ये कोणी कापडाची चिंधी किंवा कागद तर खुपसलेला नाही ना? पूर्वी प्रवासात टोला हलू नये म्हणून असं करायचे आणि मग विसरायचे. वाट्यांचं भोक मुद्दाम मध्यभागी नसतं, त्यामुळे स्क्रू सैल करून वाटी थोडी फिरवली की ती टोल्याजवळ येते किंवा लांब जाते. दोन्ही बाजूंना टोला हलकेच शिवून मागे येईल एवढं अंतर हवं. 'टुक' करणाऱ्या फोनमध्ये बहुधा टोला एका वाटीला चिकटून बसलाय. टोल्याला एका बाजूला ओढणारी छोटी स्प्रिंग असते, तिला दोन खाचा असतील तर सैल खाचेत सरकवा.

फोन परदेशातून आला असेल तर आणखी दोन शक्यता. अमेरिकेत एकाच लाइनवर अनेक घरं असायची आणि ज्याला बोलवायचं त्याचीच घंटी वाजावी म्हणून काही घंट्या ठरावीक आवर्तनांनाच वाजतील अशा बनवत, उदाहरणार्थ ३०, ४२, ५४ किंवा ६६. तशी घंटी २० वर कधीच वाजणार नाही, कितीही दाब द्या. आणि नंतरच्या काळातल्या ब्रिटिश फोनांत घंटीची तार तिसऱ्या टोकाला काढलेली असते. तिथे कंडेन्सर (डीसी अडवून घंटीची एसी जाऊ देणारा भाग) भिंतीतल्या सॉकेटमध्ये असे. फक्त दोन तारा जोडल्या तर बोलणं होतं आणि घंटी मुकी राहते. त्या जुन्या सॉकेटची नक्कल फोनच्या बाहेर, भिंतीच्या डबीत करा. फोन जसा आहे तसा राहू द्या.

पाच फिरवलं की चारला लागतो, कधी सहाला. दर वेळी वेगळं.

डायल मंदावली आहे किंवा तिच्या आतली, प्रवाह तोडणारी-जोडणारी टोकं मळली आहेत. ठोके सेकंदाला १० असायला हवेत. ८ ते १२ पर्यंत बहुतेक पेट्या सांभाळून घेतात. मोजायचं कसं? मोबाइलचं ध्वनिमुद्रण चालू करा, डायलजवळ ठेवा, ० फिरवून सोडा. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत जवळजवळ एक सेकंद गेला पाहिजे. ध्वनीची रेघ पडद्यावर बघता येत असेल तर ठोक्यांमधलं अंतर सारखं आहे का तेही दिसेल. सगळेच ठोके सावकाश असतील तर डायलचा वेग सारखा ठेवणारा आतला फिरता गव्हर्नर चिकट झालाय. ठोके वेळेवर पण एखादा गाळलेला असेल तर टोकांवर मळ आहे. कडक, कोरडा कागद टोकांमधून दोनदा ओढा. सँडपेपर नको.

तेल म्हणाल तर घड्याळाचं, सुईच्या टोकावर मावेल एवढं, फक्त दांड्यांच्या टेकूपाशी. गंज काढायचे फवारे डायलवर मारू नका. मी एकदा मारला होता. दोन दिवस डायल लोण्यासारखी फिरली आणि तिसऱ्या दिवशी धूळ धरून चिखल झाला.

परत येणाऱ्या डायलला बोटानं ढकलण्याची सवयही मोडा. नव्या पिढीला धीर नसतो म्हणून नातवंडं हे हमखास करतात, आणि मग नंबर चुकला म्हणून पेटीला बोल लावतात.

माझा प्रश्न उलटा आहे. माझा एरिक्सनचा फोन अगदी नियमानं चुकतो. २ फिरवलं तर ३, ४ फिरवलं तर ५. एकदाही वेगळं होत नाही.

तुमच्या डायलवर शून्य कुठे आहे? ९ च्या पुढे नसून १ च्या आधी आहे ना? तो स्वीडनमध्ये वापरलेला फोन आहे. तिथे ० ला एक ठोका, १ ला दोन, असं करत ९ ला दहा. फोन मुळीच चुकत नाही, तुमची पेटी स्वीडनची नाही. न्यूझीलंडच्या डायलवर तर आकडे उलट्या क्रमानं असत आणि १ ला नऊ ठोके जात. डायल बदलू नका. फोनशेजारी एक चिठ्ठी लावा: 'हवा त्यापेक्षा एक कमी फिरवा.' पाहुण्यांना सांगायला गोष्ट होईल.

मी पेटीऐवजी इंटरनेटचा छोटा अॅडॉप्टर घेतला. डायल टोन येतो, फोन येतात, पण डायल फिरवून लागत नाही.

अॅडॉप्टरना बहुधा बटणांच्या फोनचे सूर कळतात, ठोके नाही. बटणांची पद्धत अमेरिकेत १९६३ मध्ये लोकांच्या हाती आली. प्रत्येक बटण दोन सूर एकदम वाजवतं. तुमचा फोन त्या आधीच्या वळणाचा. दोन वाटा आहेत. ज्याच्या माहितीपत्रकात पल्स डायलिंग चालतं असं स्पष्ट लिहिलंय तो अॅडॉप्टर घ्या, किंवा ठोक्यांचे सूर करून देणारी डबी फोन आणि अॅडॉप्टरच्या मध्ये लावा. ती डबी फोनच्या पोटात बसवून मिळते, असं विकणारे सांगतील. बाहेरच ठेवा.

तुमच्या फोनवर चांदणी (*) आणि चौकट (#) नाहीत हेही लक्षात घ्या. ज्या सोयींना त्या लागतात त्या सोयी तुम्हाला मिळणार नाहीत.

माझ्याकडे हँडल फिरवायचा लाकडी फोन आहे. तो ईपीएबीएक्सला जोडू का?

नको! हे उत्तर इथेच संपवायला हवं, पण कारण सांगते.

हँडल फिरवलं की आतला मॅग्नेटो ७५ व्होल्टच्या आसपास एसी वीज तयार करतो. ती पूर्वी समोरच्या ऑपरेटरच्या फळ्यावरची झडप पाडायची. तुम्ही ती पेटीच्या पोर्टमध्ये सोडलीत तर आतली इलेक्ट्रॉनिक्स जळतील. शिवाय अशा फोनची घंटी कंडेन्सर न लावता सरळ तारांवर असते, त्यामुळे ठेवलेला असतानाही त्यातून डीसी वाहते आणि पेटीला वाटतं की रिसीव्हर कायम उचललेलाच आहे.

याला पेटी लागतच नाही. असा दुसरा फोन मिळवा, दोघांमध्ये दोन तारा टाका, प्रत्येकात बोलण्यासाठी दीड व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घाला. इकडे हँडल फिरवलं की तिकडे घंटी. तारांची दोन टोकं हातात धरून मात्र कोणाला हँडल फिरवायला लावू नका. पेटीची घंटीची वीजसुद्धा चावते. फोन जोडलेला असताना एकदा माझं बोट आत गेलं, नेमका त्याच क्षणी कोणीतरी फोन केला, आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. आत हात घालण्याआधी तार काढा.

घंटी एकदाच वाजते आणि समोरच्याला वाटतं की आम्ही फोन उचलला. इकडे तर रिसीव्हर जागेवरच आहे.

हा माझा आवडता बिघाड, कारण तो एक्स्चेंजचं मन उघडून दाखवतो. घंटी वाजवत असताना एक्स्चेंज एकीकडे डीसी प्रवाहावर कान लावून असतं. डीसी वाहिली म्हणजे कोणीतरी उचललं, घंटी बंद करा, हा त्याचा नियम. ठेवलेल्या फोनमध्ये डीसी अडवायचं काम कंडेन्सरचं. जुने कागदी, मेणातले कंडेन्सर वयानुसार झिरपायला लागतात. झिरपलेली डीसी पेटीला 'उचलला' म्हणून दिसते.

फोन तारेपासून सोडवा, रिसीव्हर जागेवर ठेवा आणि दोन टोकांमध्ये ओहम मोजा. काटा किंचित उडून पुन्हा अनंताकडे गेला तर कंडेन्सर चांगला. काही हजारांवर अडकून राहिला तर गेला. (पावसाळी हवेत कापडी दोरी ओली झाली तरी असंच दिसतं, म्हणून दोरी सोडवून पुन्हा मोजा.) ही एकच वेळ, जेव्हा मी फोनच्या आत नवं काही बसवायला सांगते. जुना कंडेन्सर काढून फेकू नका. त्याची एक तार सुटी करून गुंडाळून ठेवा आणि तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, निदान २५० व्होल्टचा, धन-ऋण नसलेला नवा कंडेन्सर शेजारी दडवा. ब्रिटिश फोनांत १.८ किंवा २ मायक्रोफॅरड, अमेरिकन फोनांत अर्ध्याच्या आसपास. उद्या कोणाला फोन मूळ रूपात हवा असेल तर एक तार परत लावली की झालं.

जाता जाता, जुन्या दोऱ्यांना डाग द्यायचा (सोल्डर करायचा) प्रयत्न करू नका. त्यांच्या आत तार नसून धाग्यावर गुंडाळलेली तांब्याची पातळ पट्टी असते, ती जळून जाते. टोकाला दाबून बसवायचे लग वापरा.

आवाज लांबून, घोंगडीतून आल्यासारखा येतो.

रिसीव्हर उलटा धरून बोलायच्या बाजूला तळहातानं दोन-चार चापट्या मारा. मायक्रोफोनमध्ये कार्बनचे दाणे असतात. तुमच्या आवाजानं ते दाबले जातात, सुटतात आणि प्रवाह कमीजास्त होतो. वर्षानुवर्षं पडून राहिले की त्यांची ढेकळं होतात. चापट्यांनी सुटले नाहीत तर जुन्याच जातीची दुसरी डबी मिळते का बघा.

एका पोर्टवर दोन फोन आहेत. एकावर डायल फिरवली की दुसरा टिंगटिंग करतो.

ठोक्यांमुळे तारेवर दाबाचे धक्के बसतात, ते दुसऱ्याच्या कंडेन्सरमधून घंटीपर्यंत जातात. घरात आठ एक्स्टेंशनची पेटी असताना एका पोर्टवर दोन फोन का, हा माझा उलट प्रश्न. तसंच हवं असेल तर टिंगटिंग करणाऱ्या फोनच्या दोन तारांची अदलाबदल करून बघा. टोल्याची स्प्रिंग एका दिशेच्या धक्क्यांना अडवते, तुमचे धक्के दुसऱ्या दिशेचे असतील. डायलचा फोन कुठल्याही बाजूनं जोडला तरी बोलतो, त्यामुळे भिऊ नका. सुरुवातीच्या काही बटणांच्या फोनांना मात्र बाजू कळते, उलटे जोडले तर बटणं मुकी होतात.

मी १४ वर्षांची आहे. आजी म्हणते, पूर्वी डायलला कुलूप लावायचे तरी लोक फोन करायचे. कसं?

आजी खरं सांगते, आणि बहुतेक तिनं स्वतः केलंय, विचार तिला. कुलूप डायलच्या भोकात बसतं, पण डायल काय करते? फक्त प्रवाह तोडते. तेच काम रिसीव्हरखालचा आकडाही करतो. रिसीव्हर उचल, टोन येऊ दे आणि तो हुक पटापट दाब. ३ साठी तीन वेळा, मग एक सेकंद थांब, मग पुढचा अंक. वेग सेकंदाला दहाच्या आसपास हवा. हळू दाबलंस तर गंमत होते. दाब अर्धा सेकंद टिकला तर पेटीला वाटतं की तुला फोन दुसरीकडे वळवायचाय, आणि त्याहून जास्त टिकला तर ती फोन बंदच करते. १ आणि २ नं सुरुवात कर. ९ जमला की मला लिही. ० मला अजून दर वेळी जमत नाही, आणि मी याचाच पगार घेत होते.

तू आणखी एक विचारलंयस, हे मोजणारं यंत्र कोणी काढलं. अल्मन स्ट्रोजर, अमेरिकेतला अंत्यविधीचं सामान पुरवणारा माणूस. असं सांगतात, की गावातली ऑपरेटर त्याची गिऱ्हाइकं दुसऱ्याच धंदेवाल्याकडे वळवते असा त्याला संशय होता, म्हणून त्याला ऑपरेटरच नको होती. १८९१ मध्ये पेटंट मिळालं, १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट इथे पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. बोटानं फिरवायची डायल त्यानंतर आली, आधी बटणं दाबावी लागत.

अंगणापलीकडच्या खोलीपर्यंत तार टाकायची आहे. लांबीमुळे आवाज कमी होईल का?

आवाजाची काळजी सोडा. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडतारेचा एक किलोमीटरचा फेरा सुमारे १७५ ओहम होतो, तुमचं अंगण एवढं मोठं नसावं. पिळाची जोडतार घ्या आणि विजेच्या तारेला समांतर नेऊ नका, नाहीतर गुणगुण ऐकू येईल. काळजी विजांची करा. दोन इमारतींमधली तार उघड्यावरून नेली तर दोन्ही टोकांना गॅस ट्यूबचं संरक्षक आणि चांगलं अर्थिंग हवंच. शक्यतो पाइपमधून, जमिनीखालून न्या, आणि ढग दाटले की पिन काढा.

याच पेटीला बाहेरची लाइन जोडली तर?

पेटीत सोय असते. बहुतेकींना ९ किंवा ० फिरवून बाहेर जायचं असतं. तुमच्या सेवा देणाऱ्याला आधी विचारा, कारण आजची बरीच जाळी ठोके घेत नाहीत. ठोके ऐकून बाहेर सूर पाठवणारी पेटी असेल तर जमेल. पण बाहेरून आलेल्या जाहिरातींसाठी आजोबांच्या फोनची घंटी वाजावी, हे मला तरी पटत नाही.

नंबर कसे द्यायचे? पेटीनं १०१, १०२ असे दिले आहेत.

पेटी परवानगी देत असेल तर दोन आकडी करा, आणि लहान आकडे वापरा. १०१ मधल्या शून्याला दहा ठोके जातात, ११ ला एकूण दोनच. डायलवाल्यांच्या जगात लहान आकडा हा मान होता. अमेरिकेत १९४७ मध्ये शहरांना क्रमांक दिले तेव्हा न्यूयॉर्कला २१२, शिकागोला ३१२, लॉस एंजेलिसला २१३ मिळाला, कारण तिथे फोन सगळ्यात जास्त लागायचे आणि तिथल्या डायली लवकर परत यायला हव्या होत्या.

मोठ्या आकड्यांचाही उपयोग असतो. लंडनमध्ये १९३७ मध्ये तातडीच्या मदतीला ९९९ ठेवलं. १११ ठेवलं असतं तर वाऱ्यानं दोन तारा एकमेकींना लागल्या तरी तीन ठोके जाऊन उगाच बोलावणं गेलं असतं. न्यूझीलंडनं पुढे १११ निवडलं, पण तिथल्या उलट्या डायलवर १ म्हणजे नऊ ठोके, म्हणजे तारेवर तेच सत्तावीस.

आमच्याकडे ११ माझ्या टेबलावर, १२ स्वयंपाकघरात, १३ सासूबाईंच्या खोलीत, कारण त्यांचं बोट आता लांबवर जात नाही. गच्चीवरच्या खोलीतल्या फोनला आम्ही मुद्दाम १९ दिला. तिथे ह्यांची रेडिओ दुरुस्ती चालते आणि मध्येच कोणी बोलावलेलं त्यांना खपत नाही. ९ परत येईपर्यंत जवळजवळ सेकंद जातो, तेवढ्यात आमच्या घरातली निम्मी माणसं रिसीव्हर ठेवतात आणि जिना चढायला लागतात.